साडूसाठी आतलं आदिलाबाद

१८ मे, सोमवार

कालपासून अधिक महिना लागला. म्हणजे जावयांचा महिना. सकाळीच तामसीहून सासरेबुवांचा फोन. ३१ तारखेला, रविवारी, धोंड्याचं जेवण. दोन्ही जावई पाहिजेत. धाकटे जावई, म्हणजे माझे साडू चिराग, मेहुणी रंजीताला घेऊन पुण्याहून गाडीने येणार. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे आदिलाबादला मुक्काम, शनिवार पूर्ण आमच्याकडे, रविवारी सगळे तामसीला.

सासरेबुवा एका फोनमध्ये तीनदा म्हणाले, "चिरागराव एवढ्या लांबून येऊन राह्यले." मी सतरा वर्षं वीस किलोमीटरवरून जातो आहे. अंतर कमी म्हणून मानही कमी, हा हिशेब मला मान्य नाही.

हेवा वगैरे काही वाटत नाही. फक्त नोंद.

१९ मे, मंगळवार

खरा मुद्दा वेगळाच आहे. स्वरा दहावी झाली. अकरावीला पुण्याला मावशीकडे जायचं, असं मार्चमध्ये एकदा म्हणाली होती. मी विचारलं, इथे काय कमी आहे? त्यानंतर तिने विषय काढला नाही. पटलं असावं. पण साडू आला की मॉल, मेट्रो, टेकडी, पाऊस असं पुणं पुणं सुरू होईल आणि पोरीचं मन पुन्हा उडेल. एकुलती एक पोर. ती इथेच शिकेल. त्यासाठी हा weekend असा झाला पाहिजे की साडूनेच तिच्यासमोर कबूल करावं, आदिलाबादसारखं गाव नाही.

बायको, पूनम, म्हणाली कुंटाला दाखवा, पोचेरा दाखवा, जैनथचं देऊळ दाखवा. मी म्हटलं, ते सगळेच दाखवतात. शिवाय मे महिन्यात धबधबा म्हणजे नुसता खडक. माझ्या प्लॅनचं नाव "आतलं आदिलाबाद". जे कोणालाच माहीत नाही ते.

पूनम म्हणाली, "जे कोनालेच माहीत नाही, ते पाह्याले पाहुने काऊन येतीन?"

बायकांना planning कळत नाही.

२१ मे, गुरुवार

प्लॅनची रीतसर मिसल, म्हणजे फाईल, उघडली. बावीस वर्षं तहसील दफ्तरात आहे, तोंडी कारभार जमत नाही. रकाने तीन: वेळ, ठिकाण, साडूची अपेक्षित प्रतिक्रिया.

पहाटे साडेपाचला कापसाचं मार्केट यार्ड. तोंडात बोट घालेल. अकराला आमच्या दफ्तराची रेकॉर्ड रूम. निजामाच्या काळातल्या उर्दू रजिस्टरात आमच्या पणजोबांचं नाव आहे. पेशकार होते, थेट साहेबापुढे कागद ठेवणारे. मान झुकवेल. संध्याकाळी पैनगंगेच्या पुलावर सूर्यास्त, अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. गहिवरेल.

पूनमने आठवण करून दिली की कापसाचा सीझन फेब्रुवारीतच संपतो, यार्ड रिकामं असेल. मला माहीत आहे. पण रिकामं यार्ड पाहिल्याशिवाय त्याचा विस्तार कळत नाही. ज्याला नजर आहे त्याला दिसतं.

२४ मे, रविवार

स्वराने स्वतःहून प्लॅन मागितला. वाचला. म्हणाली, पप्पा मी पण येते सगळीकडे, पहाटे उठवा. ही तीच मुलगी, जी सुट्टीत दहाच्या आत डोळे उघडत नाही!

प्लॅन आत्ताच काम करू लागला आहे.

संध्याकाळी छतावर माझ्याजवळ येऊन बसली. आपलं घर बांधलं तेव्हा मी केवढी होते, समोरचं कडुनिंब कोणी लावलं, असलं काहीबाही विचारत होती. गावाबद्दल ओढ वाढते आहे. इतकी गोड बोलते की मध्येच माझा आवाज बसला. उष्णतेने.

२६ मे, मंगळवार

४५ डिग्री. कूलरला नव्या वाळ्याच्या टट्ट्या लावल्या. पुणेकरांना AC लागतो, पण AC ला वास असतो का?

स्वराने कपाट आवरलं. जुनी पुस्तकं शेजारच्या पोरीला देऊन टाकली. पाहुण्यांसाठी जागा करते आहे. पूनमने मोठी नवी बॅग आणली. कशाला म्हटलं, तर म्हणाली, "लागतेच ना घरात." बरोबर आहे.

मला ही तयारी पाहून बरं वाटलं. घरातले सगळे माझ्या प्लॅनमागे उभे आहेत.

२८ मे, गुरुवार

साडूच्या गाडीत बसायचं नाही. स्वराने तर नाहीच. म्हणून शनिवारसाठी स्वतंत्र गाडी ठरवली. AC असलेली. ड्रायव्हर म्हणाला, एकदम चिल्ड.

संकल्प: चिरागशी बरोबरी करायची नाही. शांत राहायचं. मोठा जावई मी आहे. हे त्याच्या लक्षात येईल अशा बेताने शांत राहायचं.

२९ मे, शुक्रवार. रात्री ८

आले. गाडी पांढरी, इतकी उंच की आमच्या फाटकाबाहेरच राहिली. स्वरा चप्पल न घालता तापल्या फरशीवरून धावत गेली. मी ऑफिसमधून येतो तेव्हा ती बसल्या जागेवरून "आले का" म्हणते.

चिराग आल्या आल्या कूलरसमोर उभा राहिला, डोळे मिटून. म्हणाला, अहो हा वास! लहानपण आठवलं. पंधरा मिनिटं हटला नाही. मग माझ्यासाठी आणलेले बूट काढले. चालायचे. बरोबर माझ्या मापाचे. माप कोणी सांगितलं? स्वराने. म्हणजे फोनवर बोलणं होतं यांचं. होऊ दे.

बूट फार छान आहेत. हाच त्यांचा दोष.

३० मे, शनिवार. सकाळी ८

ठरवलेल्या गाडीचा AC म्हणजे एक पंखा निघाला, तोही ड्रायव्हरकडे तोंड करून. दहा मिनिटांत रंजीताला गरगरायला लागलं. शेवटी चिरागची गाडी. स्वरा पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी, रस्ता सांगायला. मी मागे मध्ये, दोन बायकांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला.

मार्केट यार्डात एक वॉचमन आणि सात कुत्री. मी म्हटलं, आता कल्पना करा, इथून तिथपर्यंत गाड्याच गाड्या. चिरागने कल्पना केली! करतोच तो. प्रश्नही विचारले. ओलावा कसा मोजतात, भाव कोण ठरवतो. मी तोंड उघडायच्या आत स्वराने सगळी उत्तरं दिली. तिला इतकं कसं माहीत, असं रंजीताने विचारलं. म्हणाली, पप्पा लहानपणी खांद्यावर घेऊन आणायचे.

स्वराने यार्डाचे फोटो काढले. वॉचमनचा काढला. माझे तर कितीतरी. यार्डाकडे बोट दाखवणारा मी, कुत्र्याला हाड म्हणणारा मी. ही मुलगी आता कुठे जात नाही. लिहून ठेवा.

दुपारी ३

आज पाचवा शनिवार, दफ्तर सुरू. माझी रजा. पण साहेबांनी मला व्हरांड्यात पाहिलं आणि म्हणाले, हेरंबराव बरे आलात, कलेक्टरांकडे एक खुलासा पाठवायचा आहे, पाच मिनिटं. मी पावणेदोन तास टाईप करत बसलो.

तोवर रेकॉर्ड सांभाळणारे खुशालराव पाहुण्यांना आत घेऊन गेले. ते उर्दू वाचतात. मी घामाघूम होऊन पोचलो तेव्हा पणजोबांचं पान उघडलेलं, सगळे त्यावर वाकलेले. खुशालराव बोट ठेवून म्हणाले, "पेशकार नाही जी, हरकारा लिवलं हाये. टपाल घेऊन धावे तो."

चार पिढ्या आमच्या घरात पेशकार आहे. लग्नपत्रिकेत सुद्धा छापलं होतं. मी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल. चिराग म्हणाला, अहो हरकारा म्हणजे तर भारीच, जंगलातून, वाघांतून धावायचे ते! त्याने इतक्या आदराने म्हटलं की माझ्याच पणजोबांबद्दल मला त्याच्यामुळे अभिमान वाटायची वेळ आली. तो मी वाटू दिला नाही.

३१ मे, रविवार. सकाळी ६

कालच्या सूर्यास्ताबद्दल. पूल गाठला, नदीत पाणी नव्हतं. चिराग बूट काढून सरळ वाळूत उतरला. मागोमाग स्वरा. दोघं बरोबर मध्यापर्यंत गेले, एक पाय तेलंगणात, एक महाराष्ट्रात. खूप वेळ बोलत होते. स्वराने एकदा डोळे पुसल्यासारखे केले. वाळू गेली असेल.

मी पुलावर, फोनवर. सासरेबुवांच्या विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर बिघडलं आहे, उद्या येतानी टेस्टर घेऊन या म्हणे. चिरागरावांना कोणी टेस्टर आणायला सांगत नाही.

चिराग डोळे पुसतच वर आला. गहिवरला मात्र साडूच. रकान्यात लिहिलं होतं तसंच. तरी मला समाधान का नाही, कळत नाही.

रविवार. संध्याकाळी ६, तामसी

क्रमाने लिहितो.

पोचलो. मोटार बंद, टाकीत थेंब नाही. मी विहिरीवर. स्टार्टर उघडलं, तीन तास गेले. पाणी सुरू झालं. ऑइलने काळे हात घेऊन ओट्यावर आलो तर आत चिराग पाटावर. भोवती रांगोळी, कपाळाला कुंकू, मांडीवर नवं धोतर, पुढ्यात तेहेतीस अनारसे आणि त्यावर दिवा. सासूबाई बयनाबाई त्याला ओवाळत होत्या. आधी मोठ्या जावयाला ओवाळतात. शास्त्र आहे.

सासूबाई म्हणाल्या, "तुमी तं घरचेच हेरंबराव. त्यायले भूक लागली होती. तुमचं होते आता."

झालं. माझंही झालं. दिवा त्यातलाच, तेल घालून. माझ्या ताटात अनारसे एकतीस. तीनदा मोजले. पोरांनी दोन पळवले म्हणे. पुण्याच्या ताटातून का नाही पळवले?

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

जेवणानंतर चिराग म्हणाला, दादा जरा बाहेर येता का? लिंबाखाली खाट होती, तिच्यावर बसलो. मला वाटलं आता आदिलाबादची स्तुती करणार. मी नम्र चेहरा तयार ठेवला.

तो बराच वेळ नवं धोतर सारखं करत राहिला. मग म्हणाला, स्वराची admission एप्रिलमध्येच झाली आहे. पुण्यात. फॉर्मवर पूनमवहिनींनी सही केली. तुम्हाला सांगायची तिची हिंमत होईना, म्हणून तिनेच आम्हाला फोन केला, काका तुम्ही येऊन सांगा. आम्ही त्यासाठीच आलो, दादा. धोंड्याचं निमित्त. काल नदीत पुन्हा म्हणत होती, पप्पा एकटे पडतील, मी नको जाऊ का? मी म्हटलं, ते तुझ्या पप्पांनाच विचारू.

सगळ्यांना माहीत होतं. पूनमला, सासऱ्यांना, सासूबाईंना. बहुतेक खुशालरावांनाही.

मी म्हणालो, मला माहीत होतं.

त्याने मान हलवली. दुसरा कोणी असता तर हसला असता. चिराग हसला नाही, हे फार वाईट झालं.

रविवार. संध्याकाळी ७

स्वरा ओट्याच्या पायरीवर येऊन बसली. मी पाच कारणं तयार केली होती. तिने विचारलं, पप्पा, मी जाऊ? एकही आठवलं नाही. जा म्हटलं. मग ती रडली, आणि इतकी खुश झाली की मला रडता येईना.

२ जून, मंगळवार

सकाळी सहाला निघाले. नवी बॅग पांढऱ्या गाडीच्या डिकीत व्यवस्थित मावली. मला वाटलं होतं मावणार नाही.

चिराग पाया पडला. आजवर कधी पडला नव्हता. मी आशीर्वाद दिला. मनापासून दिला की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

दिवसभर काही केलं नाही. तेलंगणा दिनाच्या झेंडावंदनाला गेलो नाही. साहेब विचारतील.

५ जून, शुक्रवार

संकल्प: रोज फोन करायचा नाही. पोरीला अडचण होते.

आज चार वेळा केला. पहिला चुकून लागला.

पूनम म्हणाली, "तुमाले आधीच सांगितलं असतं, तं तुमी जाऊ देलं असतं का?" मी म्हटलं, अर्थात. ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मलेही करमत नाही जी." मग दोघांनी मिळून भाजी निवडली. पाव किलोची भाजी, तिघांच्या हिशेबाने आणलेली.

९ जून, मंगळवार

स्वराचा फोन. क्लास सुरू झाला. सकाळी कॉलेज, मग क्लास, साडेसहाला घरी. मेस नको, मावशीच्या हातचं मिळतं. खोलीला खिडकी आहे. मी विचारलं, साडेसहाला घरी कोण असतं, किल्ली दिली आहे का तुला? म्हणाली, किल्ली कशाला, काका घरूनच काम करतात ना. बेल वाजवली की दार उघडतात. काल उशीर झाला तर खाली फाटकाशी येऊन उभे होते.

फोन ठेवला.

तीन आठवडे मी त्या माणसाच्या गाडीवर जळलो, पुण्यावर जळलो, त्याच्या ताटातल्या अनारशांवर जळलो. सगळं वाया. जळायचं होतं ते यावर. रोज संध्याकाळी साडेसहाला माझी पोर घरी येते, आणि दार तो उघडतो.