चौथीची उजवी बाजू

१४ फेब्रु. ९९, रवि.

सांडोरला विल्फीकडे बैठक. नेहमीचे तिघे. मी, विल्फी आणि आमच्या फुलपाड्याचा संजू. केळीच्या वाडीतली तीच मागची खोली, खिडकीजवळच्या ठरलेल्या खुर्चीत विल्फी. विषयही तोच. कंदीलवाल्यांचा सगळ्यात चांगला काळ कुठला, रेकॉर्ड कुठली. (बँडचं खरं नाव हातभर लांब. पहिल्या रेकॉर्डवर कंदिलाचं चित्र, म्हणून आमच्यापुरता कंदील.)

संजू : यंत्रांचा काळ, सहावी रेकॉर्ड. "बासरीवाला गेला तेव्हा कुठे बँड वयात आला." मेल्याला काही कळत नाही.

विल्फी : दुसरी. एका बाजूला एकच गाणं, तेवीस मिनिटांचं. "घाई नाही रे त्यात कसली."

मी : चौथी. मरेपर्यंत चौथी.

परत सगळं समजावलं. चौथीत जे काय आहे ते डाव्या स्पीकरमधून येतं. उजवा गप्प, नुसती खरखर. बासरीवाला सोडून चालला होता, म्हणून त्याची जागा रिकामी ठेवली त्यांनी. अख्खा अल्बमभर! एवढी छाती आहे का कुणाची? संजू जांभया देतो. विल्फीने मान डोलावली. दहा वर्षं डोलावतोय. ८९ साली त्यानेच मला टेप करून दिली होती, कुणाची तरी रेकॉर्ड एका दिवसासाठी मागून आणून.

घरी आलो तर बिल्डिंगखाली टँकरची रांग. वसुधा दोन हंडे घेऊन उभी. "मिटलं का भांडण?" म्हटलं, भांडण नाही, चर्चा असते ती. "मग शर्टाचं बटण कुठे गेलं?"

२१ फेब्रु., रवि.

लिहितो, क्रमाने.

संजूच्या मामेभावाने सिंगापूरहून चौथीची सीडी आणली. विल्फीच्या खोलीत लावली. मी ऐटीत दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसलो. पहिलं मिनिट ओळखीचं. आणि मग उजवीकडून बासरी. बासरी! धडधडीत. मग दुसरा एक गाणारा, डावीकडच्या प्रत्येक ओळीला उत्तर देणारा. मग निम्मे ड्रम्स. कुणी सोडून चाललेलं नाही, कसली जागा रिकामी नाही, जत्रा भरलीय नुसती.

संजू आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग जमिनीवर लोळला. "सदा, तुझं ते मौन म्हणजे तुटकी वायर रे! दहा वर्षं तुटक्या वायरीची आरती करतोयस!"

मी हसायला हवं होतं. हसलो असतो तर तिथेच संपलं असतं. पण माझ्या जिभेला हाड कुठंय. विल्फीवर गेलो. "हेडफोन लावून टेप केलीस ना? तूच सांगितलं होतंस, बाबा आजारी होते म्हणून हेडफोन लावला. मग अर्धी बाजू कोरी जातेय हे कळलं नाही तुला? एका कानाने बहिरा आहेस काय?"

दार उघडं होतं. ओसरीवर चर्चच्या गायनमंडळातले पाच-सहा जण येऊन बसले होते, ईस्टरच्या गाण्यांच्या सरावाला. विल्फी त्यांचा मास्तर. सगळ्यांनी ऐकलं. त्याची आई भाजी चिरत होती, तिचा हात विळीवर थांबला.

विल्फी पांढरा पडला. उठला, सीडी काढली, डबीत घातली, संजूच्या हातात दिली. "प्रॅक्टिस आहे माझी."

घरी येऊन टेपची फीत ओढून ओढून बाहेर काढली. सगळी. केराच्या डब्यात टाकली.

२२ फेब्रु., सोम.

ऑफिसात एक रेघ धड ओढली नाही. ड्रॉइंग बोर्डवर डोकं टेकून बसलो. जेवताना वसुधाला सगळं सांगितलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "अहो, पण विल्फीभावजींना उजव्या कानाने येत नाहीच ना ऐकू."

कोणी सांगितलं तुला?

"सांगायला कशाला हवं? लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा उजवीकडून तीनदा विचारलं, भात वाढू का. बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, काय हा माणूस. मग डावीकडून विचारलं तर म्हणाले, थोडासा, वहिनी. तेव्हापासून मी डावीकडूनच वाढते. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

नव्हतं. पंधरा वर्षं त्याच्याशेजारी बसून गाणी ऐकतोय मी. आता एकेक आठवतंय. खिडकीची खुर्ची : उजवीकडे भिंत, माणसं सगळी डावीकडे. रस्त्याने चालताना मला हात धरून डाव्या बाजूला घेणं. गायनमंडळ अख्खं आपल्या डाव्या हाताला उभं करणं. बाहेरची माणसं म्हणायची, सांडोरची पद्धत आहे ही. आणि सगळे म्हणतो आम्ही, कान असावा तर विल्फीसारखा. गावातली गिटार त्याच्याशिवाय सुरात लागत नाही.

म्हणजे मी जी शिवी म्हणून दिली ती शिवी नव्हतीच.

२८ फेब्रु., रवि.

एकटाच गेलो सांडोरला. संजूला नको म्हटलं. विल्फी घरात नव्हता, किंवा होता. मावशी, म्हणजे त्याची आई, पायरीवर बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"सात वर्सांचा होता. ताप आला, कान वाहिला, मग गेला तो कान. त्याचा बाप म्हनाला, कोनाला बोलायचं नाय, पोराला बहिरा म्हनतील. तीस वर्सं नाय बोललो आम्ही. शाळेत नाय, चर्चमधे नाय. तू बोललास."

मला माहीत नव्हतं, मावशी.

"म्हाईत नव्हतं म्हनूनच बोललास, ते कळतं मला. पन बोललास."

त्यानेच परवा जाऊन फादरना सांगितलं म्हणे, यंदा ईस्टरला दुसरा मास्तर बघा. मावशींनी तांब्याभर पाणी आणून दिलं. "पानी पी आनि जा आता." प्यायलो. गेलो. स्कूटरला चार किका मारल्या तरी सुरू होईना, आणि त्या बघत होत्या.

७ मार्च, रवि.

बैठक नाही. संजूचा फोन : "तू जाऊन सॉरी म्हण की यार, काय एवढं." याला सगळं सोपं वाटतं.

मी फादरना भेटायला गेलो. खोटं बोलायचं ठरवून. रागात काहीतरी बरळलो, त्याच्या कानाला काही झालेलं नाही, असं. पहिलंच वाक्य बोललो आणि फादर म्हणाले, "विल्फ्रेडने स्वतः सांगितलंय मला."

"मला त्याच्या कानाची काही अडचण नाही. बारा वर्षं तो शिकवतोय आणि मी ऐकतोय. जागा त्याचीच आहे. तोच येत नाही. तुम्ही मित्र ना त्याचे? तुम्ही आणा."

मित्र! मान खाली घालून बाहेर पडलो. गेटाशी गायनमंडळातली एक बाई भेटली. म्हणते, "तरीच सर आम्हाला नेहमी डावीकडे उभे करायचे!" मोठा शोध लागल्यासारखी. वाटलं, एक ठेवून द्यावी. मग वाटलं, कुणाला?

१३ मार्च, शनि.

पापडीच्या बाजारात विल्फी दिसला. केळीची पानं विकायला आला होता. पळालो नाही, समोर जाऊन उभा राहिलो. फादरचा निरोप सांगितला.

"नाही जमायचं. पूर्वी सगळे माझ्या हाताकडे बघून गायचे. आता कानाकडे बघतील."

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण त्या प्रश्नाने झोप उडालीय माझी. टेप अर्धी आहे हे तुला माहीत होतं का?

त्याने पानांची एक जुडी बांधली. मग म्हणाला, "तू म्हणालास, उजवीकडे मुद्दाम काही ठेवलेलं नाही. मला वाटलं, असेल. उजवीकडचं मला काय कळणार, सदा? तुला कळतं म्हणून मी मान डोलवायचो."

अरे, मला वाटायचं, टेप विल्फीने केलीय म्हणजे चूक असणारच नाही. म्हणून तर एवढा मोठा अर्थ लावला मी त्या खरखरीचा. मी त्याच्या कानाच्या भरवशावर, तो माझ्या. आणि दोघांच्या मध्ये एक तुटकी वायर.

हे त्याला सांगायला तोंड उघडलं, तर त्याने अंग वळवलं. उजवी बाजू माझ्याकडे केली आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. मी बोलत होतो. दोन वाक्यं झाल्यावर कळलं की ऐकायचं नाहीये त्याला.

१८ मार्च, पाडवा.

सकाळी गुढी उभारली. दुपारी वसुधाने कपाटातून एक पिशवी काढून समोर ठेवली. टेप! केराच्या डब्यातून काढून ठेवली होती, महिनाभर. "फेकायची होती तर निदान मला सांगायचं. दहा वर्षं हीच ऐकतेय मीही, स्वयंपाकघरातून."

दोघं बसलो. तिने फीत सरळ करायची, मी पेन्सिल घालून गुंडाळायची. तीन तास. दोन जागी पार चुरगळलीय, तिथे गाणारा पाण्यात बुडाल्यासारखा येतो. पण वाजते.

मग एक केलं. संजूकडून सीडी आणली, हेडफोन लावला, उजव्या कानात कापूस कोंबला आणि वरून हाताने दाबून धरला. चौथी लावली. तीच! माझीच चौथी. लांबून येणारा एकटा गाणारा, मधूनच ड्रम, बाकी मोकळी जागा. बँडने असली रेकॉर्ड कधी केलीच नाही. बँडला ठाऊकसुद्धा नाही ती. सगळ्या जगात ती फक्त विल्फीने आणि मी ऐकलीय, आणि स्वयंपाकघरातून वसुधाने. रडू आलं. वसुधाने बघितलं आणि उठून चहा टाकला.

मग कापूस काढला आणि पूर्ण ऐकली. बासरी फार सुंदर वाजवलीय हरामखोराने. तेही लिहून ठेवतो.

२८ मार्च, रवि. (झावळ्यांचा, ईस्टरच्या आधीचा)

संजू आला. म्हणाला, सांडोरला झावळ्यांची मिरवणूक पाहिली, गाणी दुसराच कुणीतरी म्हणवून घेत होता, नुसती ढकलगाडी चाललेली. विल्फी मागे चालत होता, आईला धरून, गप्प.

मग विषय काढायचा म्हणून काढला. "आता तुझी आवडती कुठली?"

चौथी.

"पूर्ण की अर्धी?"

अर्धी.

"वेडा आहेस. पूर्ण मिळाल्यावर अर्धी कशाला ऐकेल माणूस?" मी भांडलो नाही. त्यालाच चुकल्यासारखं झालं. जाताना म्हणाला, "सदा, मी त्या दिवशी एवढं हसायला नको होतं." म्हटलं, हसलास ते बरोबरच होतं. जे बोललो ते मी बोललो.

४ एप्रिल, ईस्टर.

सकाळच्या मिस्साला गेलो. वसुधा म्हणाली, "येऊ का?" नको म्हटलं. टेप खिशात. चर्च भरलेलं, बायका नव्या साड्यांत, पोरंटोरं इस्त्रीच्या कपड्यांत.

विल्फी मागच्या बाकावर होता. बाकाच्या डाव्या टोकाला, खांबाला चिकटून. आधी लक्षात आलं नाही. मग आलं. ऐकू येतो तो कान त्याने खांबाला लावला होता. गायनमंडळ गात होतं, त्याचीच बसवलेली गाणी, आणि त्याला ती ऐकायची नव्हती.

शेजारची जागा मोकळी होती. उजवीकडची. बसलो.

महिनाभर वाक्यं जुळवत होतो. सगळी विसरलो. त्याच्या त्या कानाशी वाकून म्हटलं, "चुकलो रे, विल्फी. माफ कर." तो समोर बघत राहिला. परत म्हणायला हवं होतं. मोठ्याने म्हणायची हिंमत झाली नाही, पुढच्या बाकावरची माणसं होती. दीड महिन्यापूर्वी बरी झाली होती हिंमत, सगळ्यांसमोर.

टेप काढून दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली. त्याने पाहिली. उचलली. झरोक्यातून फीत दिसते तिथे अंगठा फिरवला, चुरगळल्याचं कळलं असणार. शर्टाच्या खिशात टाकली.

गाणी सुरू होती. वरच्या सुराला बायका घसरल्या. विल्फीचा हात मांडीवर होता, तो आपोआप वर उचलला गेला, जरासा, त्यांना वर घेतल्यासारखा. लगेच खाली घेतला. पण खांबापासून मान सुटली होती त्याची. ती शेवटपर्यंत परत टेकली नाही, मी बघत होतो.

संपल्यावर आईला धरून निघून गेला.

वसुधाने विचारलं, बोललात का? म्हटलं, बोललो. "कुठल्या बाजूने?" काय उत्तर देणार, कप्पाळ! तेवढं एकच वाक्य महत्त्वाचं होतं आणि ते मी उजवीकडे बोलून आलो.

येत्या रविवारी सांडोरला जायचं. डावीकडे बसून परत म्हणायचं, मावशींच्या देखत, आवाज चढवून. आत घेतील की नाही, माहीत नाही.