कडेचे दिवे

२ मार्च
आले एकदाची! धाकट्या बहिणीच्या घरातली माडीवरची खोली माझी. पलंग करकरतो, पण खिडकी ऐसपैस. उद्यापासून पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायचं. छपराखालचा तलाव, कोमट पाणी. छातीतली कर्करोगाची गाठ काढून सहा वर्षं झाली; एक बाजू सपाट, म्हणून पोशाख तसाच शिवून घेतलाय. धाकटी म्हणाली, ताई, मागचं आता सोड. सोडलं.

९ मार्च
मुलं मला मासोळीबाई म्हणतात. दोन वेण्यांची एक चिमुरडी फार भित्री, माझं बोट सोडत नाही. आज तिनं पाण्यात तोंड बुडवलं आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. तहान मात्र सारखी लागते. तलावाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाच्या वासानं असेल.

१७ मार्च
तांब्यामागून तांब्या रिचवते आणि तितकंच बाहेर टाकते. भाऊजी हसून म्हणाले, तलाव आटवायला नेमलंय का तुम्हाला? साखर तपासली. नाही निघाली. तरी घसा कोरडाठाक.

२३ मार्च
कपाळामागे ठणका. चौकटीला खांदा पुन्हा आपटला. धाकटी बाजूला येऊन उभी होती, मला पत्ताच नाही. एकदम समोर उगवली आणि अंगावर काटा आला. हल्ली माणसं चालत येत नाहीत, उगवतात.

२८ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोरच्या ठिपक्याकडे बघायला लावलं. कडेचा दिवा लागला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसले. शेवटी विचारलं, यंत्र बिघडलंय का? ते म्हणाले, दिवे सगळे लागून गेले. डोक्याचा फोटो आजच काढा, असं बजावलं. उद्या काढीन. दुपारी वर्ग आहे.

२९ मार्च
काल वर्गाला जायला नको होतं. चिमुरडी बुडत होती, माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर. मी समोरच्यांना हात मारायला शिकवत होते. दुसऱ्या शिक्षकानं उडी टाकली. वाचली. तिची आई तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. हातभर होती ती. हातभर.

२ एप्रिल
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तहान तिच्या ताब्यात. फोटोत तिथं गाठ दिसली; डोळ्यांच्या नसा तिच्यावरून जातात, त्यांना रेटतेय, म्हणून कडेचं दिसत नाही. नवी नाही. छातीतलीच. धाकटीनं विचारलं, ती काढली होती ना? डॉक्टर म्हणाले, एखादी पेशी मागे राहते. म्हणजे सहा वर्षं ती माझ्याबरोबर जेवली, पोहली, हसली.

५ एप्रिल
औषधानं तहान जरा कमी. पण उलट्या. थंडी जात नाही. एकाची दोन दिसतात — दोन धाकट्या, दोघी डोळे पुसतात —

७ एप्रिल
उद्या शस्त्रक्रिया. नाकातून आत जाणार म्हणे. चिमुरडी आली होती. कुठं उभी होती, दिसली नाही. आवाज तेवढा आला — बाई, मी परत पाण्यात उतरले.
मी रडले. ती गेली की तिथंच आहे, कळेना.

८ एप्रिल
अजून आत नेलेलं नाही. डोकं फुटतंय. कागदाची कड सापडत नाही, ओळ कुठं संपते — नजरेत मधली फट उरलीय, तीही — धाकटी म्हणते, ताई, लिहू नकोस, मी इथंच आहे, हात दे. समोर दिला. कुणी धरला नाही. पुन्हा म्हणते, इथं, ताई, इथं — कुठल्या बाजू