मांजराची शिकार

अण्णा,

तुमची षष्ठी विभक्ती परवा रोह्यात भरसभेत उपयोगी पडली, आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही. तिथल्या एका औषधांच्या कंपनीने शास्त्रज्ञांची परिषद भरवली होती: मेंदू, प्रतिकारशक्ती आणि नवी औषधं. मला बोलावणं होतं ते समईपाशी श्लोक म्हणायला आणि कापडी फलकावरचं ऱ्हस्व-दीर्घ तपासायला. संस्कृतचा मास्तर उद्घाटनापुरता लागतो, काडेपेटीसारखा. मी गेलो तो मात्र तुमच्या धाकटीसाठी.

तुम्ही गेल्यावर ती पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करू लागली. एका श्वासात पापणीची रेघ ओढते, ओढायची. गेल्या वर्षापासून तिचा उजवा हात थरथरतो, एका डोळ्यापुढे धुकं येतं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हिची प्रतिकारशक्ती हिच्याच नसांवर उठली आहे. कारखान्याचा मालक भला माणूस. म्हणाला, "ताय, यंदा डोले मी करतो. तुमी उंदीर घ्या." तेव्हापासून ती मूर्तीच्या पायाशी बसणारे उंदीर रंगवते. मला परिषदेत एवढंच विचारायचं होतं, की हिच्यासाठी औषध आहे का, आणि कधी.

दुसरं व्याख्यान एका तरुण डॉक्टरांचं, मराठीतून. पडद्यावर अक्षरं आली, 'शरीराचा प्रतिकार', आणि मी एकदम आपल्या स्वयंपाकघरात. आई पापड भाजते आहे, आम्ही दोघं पाटावर, आणि तुम्ही विचारताय, "'मांजराची शिकार.' ही षष्ठी कर्त्याची की कर्माची? मांजराने केलेली शिकार, की मांजरच मारलेलं?" धाकटी म्हणते, "मांजराला विचारा ना." तुम्ही तिच्या ताटातला पापड उचलून माझ्या ताटात ठेवता. "षष्ठी विचारून कळत नसते. अर्थ बघावा लागतो." ती माझ्याकडे बघून जीभ काढते, आणि पापड परत तिच्याकडे जातो.

तर सभेत हात वर गेला तो माझा होता, प्रश्न तुमचा निघाला. "शरीराचा प्रतिकार म्हणजे शरीराने केलेला, की शरीराला केलेला?" डॉक्टर म्हणाले, "दोन्ही, सर. तोच तर आजार." टाळ्या पडल्या. मी खरा प्रश्न घशातून वर काढतोय तोवर अध्यक्षांनी घंटी वाजवली: चहा. टेबलापाशी डॉक्टरांना गाठलं, धाकटीचं सगळं सांगितलं. "उंदरांत फार चांगला फरक दिसतोय," ते उत्साहाने म्हणाले. "आणि माणसांत?" "अजून वेळ आहे. किती, ते आत्ता सांगणं बरोबर होणार नाही." आणि बिस्किटांची बशी पुढे केली. दिवसभर लोक येऊन माझ्या व्याकरणाचं कौतुक करून गेले. मास्तर, हे शरीर कुणाचं, असं एकानेही विचारलं नाही. संताप येतो, अण्णा. डॉक्टरांचा नाही, ते खरं बोलले. तुमचा येतो थोडा. शब्द कुणाच्या बाजूचा ते विचारायला आयुष्यभर शिकवलंत. माणसासाठी विचारायचं कसं, ते राहून गेलं.

संध्याकाळच्या एस्टीने पेणला आलो. ती वाटच बघत होती.

"विचारलंस, दादा?"

"विचारलं. उंदरांना गुण येतोय म्हणे."

फळीवर वाळत ठेवलेल्या आपल्या उंदरांकडे तिने पाहिलं. "बघ मेले! मी रंगवत बसले, आणि ह्यांनी माझ्याआधी नंबर लावला." इतकी हसली की कुंचला खाली ठेवावा लागला. मग घरच्या पूजेची शाडूची मूर्ती पुढे ओढली. "हिचे डोळे मीच करणार. तू फक्त मनगट धर." मी धरलं. रेघा आल्या. त्या तिच्या हाताच्या की माझ्या, तुमची षष्ठी लावून बघितली, लागत नाही.

"सरळ आल्यात ना रे?" तिने विचारलं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तुम्हांला सांगतो. मी "सरळ" म्हणालो. डावा डोळा तिरका आलाय, अण्णा. तिला तो दिसलेला नाही, असं मी धरून चाललोय.