पाचशे मीटर दोरा आणि तुमच्या बंधूंची मोटरसायकल

थोरल्या वन्सं आसुंता यांना धाकटी भावजय ओरोंझा हिचा मनापासून नमस्कार, आणि सान जुझेप्पे तुम्हा सर्वांना सुखात ठेवो.

तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. आत निघालं ते असं: कॉफीचे डबे दोन (एकाला पोचा आलाय, कॉफी शाबूत आहे), टेबलावर घालायचं पांढरं कापड एक, मोठ्या मेणबत्त्या एक डझन, आणि भाऊजींचे जुने बूट, जे तुमच्या बंधूंना होत नाहीत पण ते घालतात. पार्सलवर तिकिटं कमी लावली होती, तेव्हा पोस्टमनने माझ्याकडून वर दोन हजार चारशे लिरा घेतले. मी ते वहीत ‘आसुंतावन्संकडून भेट’ या सदराखाली लिहून टाकलेत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भाऊजींची कंबर आता कशी आहे? तोरिनोच्या त्या धुक्यात माणसाची कंबर काय, खांबसुद्धा वाकेल. इकडे आम्ही सगळे ठीक, म्हणजे तुमच्या बंधूंची मोटरसायकल चोरीला गेली, तेवढं सोडून.

घाबरू नका, बसून घ्या, आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. मला इतकं सांगायचंय की कुठल्या टोकाने सुरुवात करावी तेच कळत नाही. (हे टोकाचं पुढे येईलच.)

तुम्हाला आठवत असेल, हिवाळ्यात तुमच्या बंधूंना मूतखड्याचा त्रास झाला होता. आपला ब्रिझियो एवढा मोठा गडी, ऑलिव्हच्या झाडावर करवत घेऊन माकडासारखा चढणारा, पण त्या रात्री बाळासारखा रडत होता. तेव्हा मी सान जुझेप्पेला नवस बोलले की खडा पडू दे, मार्चात तुझं टेबल मांडीन, तेरा पानांचं, काही कमी करणार नाही. सकाळी खडा पडला. (तो मी कागदात बांधून ठेवलाय. तुम्ही उन्हाळ्यात आलात की दाखवीन.) आता तेरा संतांची पानं, प्रत्येकाला आपला मोठा पाव, हरभऱ्याच्या शेवया, रानकांदे, मासे, मधातली बोंडं, एवढं सगळं मांडायचं तर आमच्या घरात एकच जागा, गॅरेज. म्हणजे मोटरसायकल बाहेर काढणं आलं. तुमचे बंधू म्हणाले, “मग काय झालं? दारात लावू.” असं म्हणून ते दाढी करायला गेले. जगातले सगळे पुरुष एवढंच बोलून दाढी करायला जातात.

पण मी मॅट्रिक झालेली बाई आहे, वन्सं. विमा मी उतरवला, हप्ता मी भरते, तेव्हा कागदही मीच वाचले, चष्मा लावून, बारीक अक्षरांसकट. आणि काय सांगू, अंगावर काटा आला! त्यात चोरीचं कलम असं होतं: गाडी राहत्या घरापासून पाचशे मीटरच्या आत असेल, तर अंधार पडल्यावर ती कुलूपबंद गॅरेजमध्येच पाहिजे, नाहीतर चोरीची दमडी मिळणार नाही. आणि पाचशे मीटरच्या बाहेर? बाहेर कुठेही लावा, हँडलचं कुलूप घातलं की झालं! मी तीनदा वाचलं. म्हणजे दारात, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या खिडकीखाली गाडी असली तर ती असुरक्षित, आणि जिथे आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही तिथे सुरक्षित. ज्या कोणा साहेबाने हे लिहिलं त्याचं लग्न झालेलं नसणार. पण नियम तो नियम. मी दाढीच्या फेसासकट तुमच्या बंधूंना बोलावून वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ओरोंझा, गाडी कोण नेतंय, अठरा वर्षांची आहे.” मी म्हटलं, “अठरा वर्षांची तर आपली भाची पण आहे, तिला ठेवाल रात्रभर रस्त्यात?” मग पुन्हा दाढीला लागले. आणि वन्सं, गाडी जुनी असली तरी तिच्याशिवाय ते मळ्यांवर छाटणीला जाणार कसे? मार्चमध्ये छाटणी चुकली की वर्ष गेलं. त्या गाडीवर आमची चूल आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता पाचशे मीटर मोजायचे कसे? नगरपालिकेतल्या लोकांना फीत मागितली तर अर्ज मागतात. तेव्हा मला सुचलं! क्रोशाच्या दोऱ्याचं नवीन रीळ माझ्याकडे होतं, आणि त्याच्या चिठ्ठीवर स्पष्ट छापलेलं होतं, पाचशे मीटर. मी दोऱ्याचं टोक आमच्या दाराच्या कडीला बांधलं, रीळ हातात घेतलं, आणि निघाले. मनातल्या मनात जपमाळही चालू होती, म्हणजे एका फेरीत दोन कामं. बेकरीवरून, चौकातून, चर्चच्या पायऱ्यांवरून दोरा मागे सोडत सोडत. लोकांना वाटलं हाही नवसाचाच भाग! बायका क्रूस करून दोऱ्यावरून पाय उचलून जायला लागल्या. पाववाल्याने स्कूटर थांबवून टोपी काढली. कोणीतरी विचारलं, “ओरोंझा, कुठल्या संताचा गं हा?” मी जपात होते, उत्तर दिलं नाही, त्यामुळे तर आणखीच भक्तिभाव वाढला. फादर पांतालेओ दारात उभे होते, ते दोऱ्याकडे बघून नुसते म्हणाले, “हे माझ्या परवानगीने चाललंय का?” आणि आत गेले.

दोरा कुठे संपला सांगू? सासूबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी! मला भरून आलं. देवाघरी जाऊनसुद्धा आईंनी जागा दाखवली असं वाटलं. मी आणखी थोडं पुढे गेले, विमावाल्यांना शंका नको म्हणून, आणि तुमच्या माहेरच्या बंद घरासमोरची भिंतीकडची जागा नक्की केली. (दोरा परत गुंडाळला. धुतला. त्याचा टेबलक्लॉथ होईल.) त्याच संध्याकाळी तुमचे बंधू गाडी तिथे लावून, हँडलला कुलूप घालून, चालत परत आले.

सान जुझेप्पेचं टेबल असं झालं की मी मेले तरी लोक बोलतील. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे बंधू गाडी आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. गाडी नाही. भिंतीपाशी नुसता तेलाचा डाग. बिचारे दाराशीच बसले. म्हणाले, “आता मी काय सायकलवर करवत बांधून जाऊ?” आणि वन्सं, देवाने मला क्षमा करावी, मला आनंद झाला! तसा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. कारण गाडी चोरीला गेली होती, पण अगदी बरोबर ठिकाणाहून! तीस लाख लिरा विम्याची रक्कम. त्यात याहून चांगली गाडी आली असती. मी त्यांना म्हटलं, “उठा, तोंड धुवा, पोलिसांत जायचंय, नवीन गाडी घ्यायचीय.” ते माझ्याकडे असे बघत होते जणू मीच नेलीय.

पोलिसांत तक्रार झाली. मग लेच्चेहून विम्याचे साहेब आले, पेर्रोने नावाचे, पातळ मिशीचे, गळ्यात टाय, हातात ब्रीफकेस. मी त्यांना मधातली उरलेली बोंडं दिली, कॉफी दिली (पोचा आलेल्या डब्यातली), आणि दोऱ्याची चिठ्ठी दाखवली. त्यांना गल्ली-बोळातून चालवत नेऊन सगळं मोजून दाखवलं. साहेब खूश झाले. म्हणाले, “बाई, अंतराबद्दल कंपनीची एका अक्षराचीही तक्रार नाही. असं मोजलेलं मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय.” मी तुमच्या बंधूंना कोपर मारलं. साहेब म्हणाले, “आता फक्त गाडीमालकाच्या राहत्या घराचा दाखला.” तो मी आधीच नगरपालिकेतून काढून आणला होता, शिक्क्यासकट. साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. मिशी थरथरली.

आता तुम्हाला कळलंच असेल, वन्सं. कारण ही अक्कल आपण दोघींनीच मिळून लढवली होती, आई गेल्यावर, आठवतं? राहतं घर माझ्या माहेरचं, माझ्या नावाचं, तिथे मी राहते. आणि आईंचं घर तुमचं आणि तुमच्या बंधूंचं निम्मं-निम्मं, तेव्हा बंधूंचा राहता पत्ता तिथलाच ठेवायचा, म्हणजे दोन्ही घरं राहती, दोन्हींवर घरपट्टी सवलतीची, वीज सवलतीची. गावात अर्ध्या जोडप्यांनी हेच केलंय. कागदोपत्री बघाल तर आमच्या गावात नवरा-बायको एकत्र राहतच नाहीत, तरी एवढी पोरं कशी होतात देव जाणे.

साहेब उठले आणि म्हणाले, “बाई, तुमचे यजमान कागदावर त्या दुसऱ्या घरात राहतात. म्हणजे गाडी चोरीला गेली ती त्यांच्या राहत्या घराच्या दारातून, गॅरेजच्या बाहेरून. माप तुमचं अचूक आहे. फक्त उलट्या टोकाकडून मोजलंत.”

मी विचारलं, “आणि इथे, माझ्या दारात लावली असती तर?”

“तर मी आत्ता इथे बसून पैसे मंजूर केले असते,” साहेब म्हणाले आणि बोंड उचललं.

तुमचे बंधू हसायला लागले, वन्सं. पोट धरून. म्हणाले, “मी म्हणतच होतो, दारात लावू!” आता हे वाक्य ते मरेपर्यंत म्हणणार. त्याची भरपाई कुठली कंपनी देते?

मी थेट फादर पांतालेओंकडे गेले. विचारलं, मी आता काय करू? साहेबांना सांगावं की हे माझ्याजवळच राहतात, तर ते खरं, पण मग नगरपालिकेला सांगितलेलं खोटं ठरतं. नगरपालिकेचं खरं धरावं, तर गाडी गेली. फादर म्हणाले, “ओरोंझा, तुझा नवरा कुठे राहतो हे आधी एकदा त्यालाच विचार.” चर्चची माणसं अडचणीच्या वेळी अशीच बोलतात.

तेव्हा माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. तुम्ही त्या घराच्या निम्म्या मालकीण. साध्या कागदावर फक्त विमा कंपनीला उद्देशून लिहून द्या की माझा भाऊ लग्न झाल्यापासून त्या घरात एक रात्रसुद्धा झोपलेला नाही. हे शंभर टक्के खरं आहे, त्यात पाप नाही. नगरपालिकेला ते वाचायला मिळायचं कारण नाही. मीच लिहिलं असतं, पण दाखल्याच्या अर्जावर माझी सही आहे, आणि एकाच बाईच्या सहीने दोन गोष्टी बऱ्या दिसत नाहीत. तुमच्या बंधूंकडे बघून तरी एवढं करा. तीन दिवस पाववाल्याच्या बायकोच्या सायकलवर, पुढे परडी असलेल्या, छाटणीला जातायत. मळेवाले हसतात, आणि एकाने तर दुसरा माणूस बघायला सुरुवात केलीय.

भाऊजींना नमस्कार. मुलांना पापे.

तुमची
ओरोंझा

ता.क. पाकीट चिकटवलेलं परत उघडलं, कारण गाडी सापडली! चेझारिया आजी, तुमच्या माहेरच्या शेजारच्या, लेकीकडे तारांतोला गेल्या होत्या, त्या आज परतल्या. गाडीची हळहळ ऐकून म्हणाल्या, “अगं, ती मीच आत ढकलली. सणासुदीची उघड्यावर टाकून गेलात, चोर नेईल म्हणून. बेकरीतल्या दोघांनी उचलून दिली.” कुठे आत? तर तुमच्या गॅरेजात! तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात तेव्हा शटर अर्धवटच ओढून गेला होतात (मी काही बोलत नाही), ते आजींनी वर केलं, गाडी आत घातली, आणि शटर पार खाली सोडलं. पूर्ण खाली आलं की त्याचं कुलूप आपोआप बसतं. म्हणजे वन्सं, हे सगळे दिवस गाडी मालकाच्या राहत्या पत्त्यावर कुलूपबंद गॅरेजमध्ये उभी होती, कलमात लिहिलंय तशी! निरोप मिळताच पेर्रोने साहेब लेच्चेहून पुन्हा आले, त्यांनी फटीतून डोकावून बघितलं आणि टाय सैल केला.

ता.क. दुसरा, दोन दिवसांनी. वर मागितलेलं पत्र लिहू नका. लिहिलं असेल तर फाडा. आता बरोबर उलटं लिहायचंय. साहेबांनी जाता जाता नगरपालिकेत चौकशी केली, आणि आता शिपाई बघायला येणार आहे की तुमचे बंधू खरंच त्या घरात राहतात का. तेव्हा लिहा की भाऊ आईच्याच घरात राहतो, नेहमी राहत आला आहे, आणि गाडीही तिथेच असते. अर्धी घरपट्टी तुमचीही आहे, हे ध्यानात असू द्या. पाप लागणार नाही, कारण कालपासून ते खरंच तिथे झोपायला जातात.

ता.क. तिसरा, आणि खरं काम हेच. शटरची किल्ली फक्त तुमच्याकडे आहे. कुलूपवाला तोडायचे साठ हजार मागतो, टपाल त्यापुढे काहीच नाही. किल्ली रजिस्टरने पाठवा, तिकिटं पूर्ण लावून. कारण तुमचे बंधू तिथे मजेत आहेत. चेझारिया आजी त्यांना सकाळ-संध्याकाळ गरम जेवण देतात, हिशेब विचारत नाहीत, आणि आज मी बोलवायला गेले तर खिडकीतून म्हणाले, “गाडी बाहेर येईपर्यंत मला इथेच राहावं लागेल, ओरोंझा, कायद्याने.” दोघांपैकी निदान एकाला तरी मला घरी आणायचंय, आणि गाडी आली तर तेही येतील. उलट टपाली कळवा.