सर्टन लिहून दिलं, आत्या

प्रिय आत्या,

उद्या पुण्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. आज वर्गात एकच धडा दोनदा शिकवला. पोरं हसायला लागली तेव्हा कळलं. तू जाऊन वर्ष होत आलं, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही मला ठाऊक नाही! पण दुसऱ्या कुणाला विचारायची लाज वाटते. सगळ्या पौडात मी इंग्रजीचा मास्तर म्हणून मिरवतो, आणि घोळ घालून ठेवलाय तो नेमका इंग्रजीत.

तीन आठवड्यांपूर्वी पाटलांची पेंढ्याची गंजी जळाली. त्या दिवशी दिवेलागणीला मी ओढ्याकडून घरी येत होतो. बांधावरून एक माणूस घाईघाईनं गेला, डोक्यावरून घोंगडी घेतलेला. मी पाहिलं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी पाटील फौजदारांना घेऊन माझ्या दारात हजर!

"मास्तर, त्यो भिकू धनगरच व्हता," पाटील म्हणाले. "माज्या रानात मेंढरं घातली म्हनून परवाच त्येला दोन थोबाडीत दिल्या व्हत्या. दुसरं कोन आसंल?"

त्यांनी हेच चारदा सांगितलं. पाचव्यांदा मलाही बांधावर भिकूच दिसायला लागला. तीच उंची, तीच चाल. मी मान डोलावली. मग पाटील म्हणाले, "जबाब इंग्रजीत बी लिवून द्या की. सायबाच्या डोळ्यात भरंल."

आणि मी लिहिला! चांगला ऐटीत लिहिला. भिकूचं नाव घालून वर 'आय ॲम सर्टन.' खाली झोकात सही.

तूच शिकवलेला शब्द ना हा? भाकरी थापता थापता तू सांगायचीस, शुअर हा ज्याच्या त्याच्या मनाचा मामला, माणूस शुअर असतो आणि तरी चुकतो. सर्टन म्हणायचं तर शंकेला टेकायला पाटसुद्धा शिल्लक ठेवायचा नाही. कॉन्फिडंटचा अर्थ विचारला तेव्हा तू मला थेट एसटीच्या थांब्यावर नेलंस. "बघ, गाडीचा पत्ता नाही, पण सगळे बोचकी बांधून उभे आहेत. हा भरवसा." त्या दिवशी गाडी आलीच नाही आणि तू किती हसलीस! पॉझिटिव्हवर मात्र तुझा राग. तो भांडणाऱ्यांचा शब्द, म्हणायचीस.

आणि कन्व्हिन्स्ड? "आपल्या मनात नव्हतं, कुणीतरी आणून ठेवलं आणि आपल्याला पटलं." आत्या, मी कन्व्हिन्स्ड होतो गं! पाटलांनी केलेला. आणि लिहून दिलं सर्टन.

भिकू तेव्हापासून आत आहे. परवा त्याची बायको ठकू शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही.

"मास्तर, तुमी त्येचं त्वांड बगितलं व्हय?"

मी म्हणालो, "जबाबात सगळं लिहिलंय."

"कागुद ऱ्हाऊ द्या. त्वांड बगितलं का न्हाई, येवडंच सांगा."

मी घंटा झाल्याचं निमित्त करून वर्गात पळालो. घंटा झालीच नव्हती.

घोंगडीचं म्हणशील तर या थंडीत निम्मं गाव घोंगडी घेऊन फिरतं. पाटलांचा गडी घेतो, मीही घेतो! पण भिकूनंच आग लावली असेल तर? त्यालाही राग होताच ना? हा विचार आला की मी पुन्हा डळमळतो. मला माहीत नाही, आत्या. खरंच माहीत नाही. कधी कधी तुझाच राग येतो. एवढे बारकावे शिकवलेस, पण 'मला माहीत नाही' हे चार मोठ्या माणसांसमोर कसं म्हणायचं, ते का नाही शिकवलंस?

मी आधीही एकदा असंच केलंय. शेवटच्या आजारपणात तू मला विचारलंस, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हणालो, तू बरी होणार. तू डोळे मिटूनच विचारलंस, "शुअर की सर्टन?" मी "सर्टन" म्हणालो. तू "बरं" म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. तुला कळलं होतं ना? कुणाला भेटायचं असेल, काही सांगायचं असेल, त्यासाठी तुझ्याकडे चार दिवस होते. ते मी त्या शब्दानं घालवले. त्याची माफी मागायची राहून गेली. आज मागतो.

पण भिकूचे दिवस अजून जायचेत, आणि मला भीती वाटते. शाळा पाटलांच्या जागेत भरते. माझी नोकरी राहील का? खोटा जबाब दिला म्हणून कोर्ट मलाच धरेल का?

उद्या पिंजऱ्यात उभा राहिलो आणि समोर पाटील दिसले की माझी बोबडी वळणार. मी मला ओळखतो. म्हणून उद्यावर ठेवत नाही. हे पत्र मिटलं की तसाच धनगरवाड्यावर जाणार आहे. ठकूला सांगणार आहे की मी तोंड पाहिलं नाही, आणि कोर्टातही हेच सांगणार आहे. एकदा तिच्या कानावर घातलं की मला पळायला जागा उरणार नाही. आणि उद्या पहिल्या गाडीनं तिलाही पुण्याला नेईन, माझ्या शेजारच्या बाकावर बसवून. पाटील त्याच गाडीत असतील. असू देत. हे मी तुला वचन देतो.

ऊन उतरायला लागलंय. निघतो.

तुझा भित्रा भाचा,
दत्तू