एका डोळ्याचा ससा

आई, तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात जन्मलीही नव्हती. आता ती सातवीत आहे आणि तिने एक पांढरा ससा पाळलाय. मध्यंतरी त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. गालावरची लव सतत ओली, चिकट. कचरा गेला असेल म्हणून आम्ही कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसत राहिलो. मग डोळा बाहेर आल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा घाबरून नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, दुखणं डोळ्याचं नाहीच, दाढेचं आहे. दाढेचं मूळ वर वाढून डोळ्यामागे पू साठला होता. औषधं झाली, थेंब झाले, सूज उतरेना. "डोळा काढावा लागेल," त्यांनी सांगितलं, "नाहीतर दुखण्याने खाणं सोडेल, आणि ससा खायचा थांबला की हाती लागत नाही." घरी येऊन पोर रडत विचारते, एका डोळ्याने तो जगणार कसा? तुमचा मुलगा द्रोणागिरीच्या गोदामातून नुकताच आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "आईचं काय अडलं होतं?"

मी पुण्याहून सून म्हणून कोळीवाड्यातल्या घरी आले, त्या पहिल्या आठवड्यातली ती सकाळ. तुम्ही स्वयंपाकघरात विळीवर बसून बोंबील साफ करताय, आणि मी नव्या नवरीसारखी, पावलाचा आवाज न करता, तुमच्या डावीकडून चहाचा कप पुढे करते. तुम्ही दचकलात. बोट पात्याला लागलं, चहा सांडला. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही बोट तोंडात धरलंत आणि चक्क हसलात. "अगो, त्या डोल्यानं मना दिसत नाय. येताना आवाज दे." प्यायचं पाणी कुठल्या माठात आहे ते सांगावं, तशा सुरात. त्या दिवसापासून मी "आई, मी आलेय" म्हणतच तुमच्याजवळ यायचे. परक्या घरात मला कंठ फुटला तो असा. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

ऑपरेशन करून ससा घरी आला तो कोपऱ्यात अंग चोरून बसला. कोथिंबीर नको, गाजर नको. वाळल्या गवताची भुकटी पाण्यात कालवून सिरिंजने भरवावी लागत होती. पोरगी मायेने हात पुढे करायची आणि तो उसळून पिंजऱ्यावर आपटायचा. "तो मला विसरला," म्हणून ती रडायला लागली. मी तिला जवळ बसवलं. "विसरला नाही गं. त्या बाजूने तुझा हात त्याला दिसतच नाही. आधी बोल, मग हात लाव. आजीकडे जाताना मी असंच करायचे." मग ती त्याच्याशी बोलत बसली, शाळेतलं, मैत्रिणींचं, गणिताच्या बाईंची गाऱ्हाणी. दोनेक दिवसांनी त्याने तिच्या आवाजाकडे मान वळवली आणि तिच्या हातातली कोथिंबीर ओढून घेतली. आम्ही तिघं त्याचं ते कुरकुर चावणं ऐकत राहिलो. तुमच्या मुलाने डोळे पुसले.

आता टाके सुकलेत, वर लव यायला लागलीय. नात सारखी तुमच्याबद्दल विचारते. तुम्ही बाजारात कशा बसायचात, कुणी गिऱ्हाईक डोळ्याबद्दल हळहळलं की "दुसरा हाय ना" म्हणत पापलेट त्याच्यापुढे कशा धरायचात, ते सगळं मी तिला सांगते. तिला ते फार आवडतं.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? घडी घालून ठेवते. एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. सुरुवातीला तुमच्याशी बोलताना कुठल्या डोळ्याकडे बघावं ते मला कळायचं नाही, म्हणून मी तुमच्या कुंकवाकडे बघत बोलायचे. तुम्हाला ते ठाऊक होतं, असं मला अजून वाटतं.