मागच्या ओळीची पोरं

प्रिय मेश्राम बाई,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. तेव्हापासून तोंड कडू झालं आहे, चहासुद्धा गोड लागत नाही. किळस आली हो बाई! रडायला गेले होते, आणि घरी घेऊन आले ती नुसती शिसारी. कुणाजवळ बोलू? म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

माईक कुणाच्या हातात होता, ठाऊक आहे? आमच्या डी.एड. कॉलेजच्या सरांच्या! तेच, पाठ तपासायला येणारे. गळा दाटून आल्याचं सोंग करत म्हणाले, "बाईंचा वर्ग म्हणजे आदर्श वर्ग. आमचे छात्राध्यापक तिथेच घडले." थू! याच माणसाने याच वर्गाला काय म्हटलं होतं, ते मी विसरले नाही.

मी तुमच्या वर्गावर सरावासाठी यायची, ते दिवस आठवतात? तुमसरहून एसटीने आंबागडच्या फाट्यापर्यंत, साडीला चार ठिकाणी पिना, मांडीवर थर्माकोलचं मॉडेल. पाठ होता 'बी कसे रुजते'. त्याचे तक्ते आमच्याकडे दरवर्षी जुन्या बॅचकडून नव्या बॅचकडे जायचे, आणि पद्धतही तशीच चालत आलेली. आधी तोच पाठ मुलांकडून घोटून घ्यायचा. मग तपासणीच्या दिवशी मागच्या ओळीतल्या, उत्तरं न येणाऱ्या पोरांना खिचडीचे तांदूळ निवडायला बाहेर पाठवायचं. सरांचा तसा निरोप मी तुम्हाला दिला, तर तुम्ही नुसतं "पाहू वो" म्हणालात.

आणि पाहिलंत ते काय? त्या दिवशी अख्खा वर्ग आत! बीला पाणी, हवा आणि माती लागते, असं मी तक्त्यावर दाखवलं. घोटलेली पोरं सुरात "हो मॅडम" म्हणाली. तेवढ्यात मागून एक पोरगी उठली, "मॅडम, आमच्या घरी तं धान भिजवून पोत्यात ठेवते. माती नाई राहत, तरी कोंब काहून येते?"

मी गार! तक्त्यात ते कुठे होतं? वर्गात कलकलाट सुरू झाला, मॉडेल खाली पडलं. सरांनी शेरा मारला, 'वर्गनियंत्रण नाही'. बाहेर येऊन तुमच्यासमोर मला म्हणाले, "असला कचरा समोर बसवला तर हेच होणार."

कचरा! पोरांना! आजही ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तुमचाही राग आला होता, खरं सांगते. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी हुंदके देत होते आणि तुम्ही पाण्याचा गिलास पुढे करून म्हणता, "रडून झालं का वो पोरी? उद्या हाच पाठ घेजो. साहेब नाई राहत. तक्ता बी नोको आणजो."

दुसऱ्या दिवशी तो पाठ खिचडीच्या सुट्टीपर्यंत चालला. पोरं आपसात भांडली, त्यांनी माझी चूक काढली, आणि मी चक्क सगळ्यांसमोर म्हणाले, "मला माहीत नाही, उद्या पाहून सांगते." काही आभाळ कोसळलं नाही! आपल्याला शिकवता येईल, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. जाताना एसटीत उभीच होते, तरी खुशीत होते.

पुढे नोकरीही याच शाळेत लागली, आणि तुमच्या आजारपणापासून तुमचा तोच वर्ग माझ्याकडे आहे. आणि काल? मी हार आणायला तुमसरला गेले, तेवढ्यात हेडसरांनी वर्ग 'लावून' टाकला. तुमच्या फोटोसमोर इस्त्रीच्या गणवेशातली पोरं, हातात फुलं. मागची ओळ कुठे? शोधत गेले, तर खिचडीच्या खोलीमागे तांदूळ निवडत बसलेली! तुमच्याच शोकसभेत, बाई! लाज कशी वाटत नाही या लोकांना?

एक पोरगी म्हणाली, "आमी का गडबड करणार होतो का मॅडम? आमाले बी बाईले फूल वाहाचं होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. सुपं तिथेच ठेवायला लावली आणि सगळ्यांना घेऊन थेट पुढे आले. सर बोलता बोलता थांबले. थांबू देत! फुलं संपली होती, म्हणून पोरांनी नुसते हात जोडले. ती पोरगी तर अशी हमसून रडली, की सरांनी भाषण तिथेच आटोपलं.

तरी निघताना मला बाजूला घेतात आणि म्हणतात, "सोमवारी आमच्या मुलींचे पाठ तुमच्याकडे आहेत, मॅडम. वर्ग तेवढा नीट लावून ठेवा." तुमची राख थंड झाली नाही अजून! कोणत्या मातीची असतात ही माणसं?

तर बाई, शब्द देते. सोमवारी सगळी पोरं आत बसतील. नव्या पोरीचा पाठ पडला तर पडू दे, मंगळवारी मी तिला त्याच वर्गासमोर पुन्हा उभी करीन. पण पाठाच्या आधीच तिला जवळ बसवून सांगणार आहे, की मागच्या ओळीतून काहीही विचारलं जाईल, घाबरू नको.

तेवढं तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाई!

तुमचीच पोरगी,
वंदना